हा नाला नाही, इंद्रायणी आहे



मागच्या उन्हाळ्यात मी आणि माझा धाकटा भाऊ पुलावर उभे होतो. कार्ल्याकडे निघालेली एक गाडी थांबली. आतल्या काकूंनी विचारलं, "बाळ, हा कुठला नाला गं?" मी उत्तर देणार, तोच रिकामी बाटली खाली पडली आणि गाडी निघून गेली. मला फार राग आला. पण मग वाटलं, त्यांना नाव कोण सांगणार? मला तर पुलावर नावाची पाटी दिसली नाही.

म्हणून मी आज नदीची ओळख करून देते.

इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंडे गावापाशी उगम पावते. तिथून कोकण अगदी जवळ, पण आपली नदी कोकणाकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते. लोहगड-विसापूरच्या पलीकडचं पाणी पवनेला मिळतं आणि अलीकडचं, म्हणजे भाजे गावाकडचं, आपल्या इंद्रायणीला. पुढे कामशेत, देहू, आळंदी करत ती तुळापूरला भीमेला मिळते. भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. म्हणजे मळवलीचा पाऊस केवढा प्रवास करतो बघा!

तिच्या खोऱ्यात भाज्याची लेणी सुमारे २२०० वर्षांपूर्वी कोरली गेली. देहूला तुकाराम महाराजांची गाथा जिच्या पाण्यात तरली असं वारकरी सांगतात, ती हीच. आळंदीला १२९६ साली ज्ञानेश्वर माउलींनी समाधी घेतली, तीही हिच्याच काठी. आपण आवडीनं खातो त्या इंद्रायणी तांदळालाही हिचंच नाव आहे.

आजोबा सांगतात, लहानपणी पाठीला रिकामा डबा बांधून ते इथंच पोहायला शिकले. पहिल्या पावसात मासे नि खेकडे धरायला अख्खी आळी जायची. मजा आपणही करावी, पाहुण्यांनीही करावी. त्यांच्यामुळे आपल्याकडच्या कणीसवाल्या मावशींचा धंदा होतो. पण पावसाळ्यात नदी खेळायची राहत नाही. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या वरच्या धबधब्यात एकाच घरातली पाच माणसं वाहून गेली. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल गर्दीनं कोसळला आणि चौघं दगावली. ती माणसं आपल्यासारखीच सुट्टीला आली होती.

आता खरं सांगते, रागावू नका. दोष एकट्या पाहुण्यांचा नाही. खताच्या रिकाम्या पिशव्या काठावर कोण टाकतं? निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीसकट कोण सोडतं? आपणच ना! आषाढीची वारी निघते तेव्हा आळंदीला वारकरी याच पाण्यात हात जोडून उतरतात. आपण इथं टाकलेलं तिकडे त्यांच्या पायाशी जातं. आपल्या घरातलीही माणसं त्यांत असतात.

माझं मत असं की, पुलाच्या दोन्ही टोकांना पाटी हवी. धोक्याच्या पाट्या वाचूनही लोक पुढे जातातच, हे मला कळतं. म्हणून पाटीवर नुसतं 'सावधान' नको. वर मोठ्या अक्षरात 'इंद्रायणी', खाली ती कुठून येते, कुठं जाते आणि पावसाळ्यात पाण्यात का उतरू नये ते लिहावं. माणसाचं नाव कळलं की आपण त्याच्याशी नीट वागतो, तसंच नदीचं.

अक्षरं आम्ही मुलं रंगवू. पत्रा आणि दोन खांब पालकांनी द्यावेत, आणि पाटी लावायची परवानगी मोठ्या माणसांनी मिळवावी. पाटी लागेपर्यंत कुणी "हा कुठला नाला?" असं विचारलं, तर रागावू नका. नाव सांगा. आणि आपल्या हातातली पिशवी घरी परत न्या.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी