विश्लेषण : हवेवर पळणाऱ्या खेळण्यातील रेसकार… खोक्यात जपायच्या की पळवायच्या?

बॅटरी नाही, चावी नाही, इंधनाचा थेंब नाही. पंपाने टाकीत हवा भरायची, गाडी जमिनीवर ठेवून पुढे ढकलायची आणि सोडून द्यायची. काही सेकंद ती टरटर आवाज करत सुसाट पळते, मग आवाज खाली येतो आणि गाडी थांबते. दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या या रेसकार बाजारात फार टिकल्या नाहीत. खेळण्यांच्या जाडजूड इतिहासातही त्यांना जेमतेम एखादी ओळ मिळते. तरीही चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले संग्राहक त्यांच्या आठवणी काढतात आणि जुने नग शोधत राहतात. नग हाती लागला, की एक पेच उभा राहतो. गाडी पळवली तर ती फुटण्याची भीती आणि खोक्यात ठेवली तर ती तिथेच निकामी होण्याची खात्री.

कोणत्या गाड्या?

जपानच्या टोमी कंपनीने १९८० च्या दशकात ‘एअर जॅमर रोड रॅमर’ नावाची गाडी अमेरिकेच्या बाजारात आणली. गाडीवर हवेची टाकी, सोबत हातपंप आणि आत खरेखुरे दट्ट्याचे इंजिन. ही कल्पना गाजली ती मात्र नंतर, आणि तीही जमिनीवर नव्हे तर आकाशात. कॅनडातील टोरंटो येथे १९९४ मध्ये सुरू झालेल्या स्पिन मास्टर कंपनीने १९९८ मध्ये ‘एअर हॉग्ज’ या नावाखाली ‘स्काय शार्क’ हे हवेच्या दाबावर उडणारे विमान बाजारात आणले. मूळ कल्पना ब्रिटिश संशोधकांची होती. विमान तुफान खपले. याच मालिकेत ‘रोड रिपर’ ही मोटारही आली. विमान सगळ्यांना आठवते, मोटार फारशी कोणाला नाही. दुर्मीळ वस्तूंच्या मागे लागणाऱ्यांना नेमके तेच खुणावते.

हवेवर इंजिन चालते तरी कसे?

फुगा लावलेल्या गाडीशी याची गल्लत करू नये. फुग्याची गाडी मागे सुटणाऱ्या हवेच्या धक्क्याने पुढे जाते. या गाड्यांत हवा दट्ट्या ढकलते, दट्ट्या दांडी फिरवतो आणि दांडी चाके फिरवते. म्हणजे हे वाफेच्या इंजिनाचेच धाकटे भावंड, फक्त विस्तवाविना.

यातली सर्वांत सुंदर युक्ती झडपेची आहे. सिलिंडरच्या डोक्यावर एक बारीक गोळी बसलेली असते. टाकीतील हवेचा दाब तिला छिद्रावर घट्ट दाबून ठेवतो, त्यामुळे हवा आत येत नाही. दट्ट्याच्या माथ्यावर छोटे टोक असते. दट्ट्या वर आला की हे टोक गोळीला क्षणभर उचलते आणि हवेचा एक घोट आत शिरतो. दट्ट्या खाली ढकलला जातो, गोळी पुन्हा छिद्रावर बसते आणि आत आलेली हवा फुगत फुगत दट्ट्याला आणखी खाली नेते. तळाशी गेल्यावर सिलिंडरच्या भिंतीतील भोके उघडी पडतात आणि वापरलेली हवा फस्सकन बाहेर जाते. फिरत्या भागांचा जोर दट्ट्याला परत वर आणतो आणि तोच खेळ पुन्हा सुरू होतो. ना वेगळी झडपदांडी, ना ठिणगी. नुसती हवा भरून इंजिन सुरू होत नाही, पहिला धक्का हातानेच द्यावा लागतो, तो यामुळेच. अशी इंजिने उलट्या दिशेनेही तितक्याच आनंदाने फिरू शकतात.

सगळी भिस्त असते ती हवा कुठूनही न निसटण्यावर. ज्या घरांत पंपाचा स्टोव्ह होता, तिथे हे सांगावे लागणार नाही. पंपाचे चामडी वायसर सुकले, की कितीही दट्टे मारा, स्टोव्ह पेटत नसे. मग वायसरला तेलाचा थेंब द्यायचा. या गाड्यांत चामड्याच्या जागी रबराची बारीक कडी, म्हणजे ओ-रिंग असते. संग्राहकांचा पेच सुरू होतो तो याच कडीपासून.

इतक्या लवकर दम का संपतो?

पाव लिटरची टाकी पाच बार दाबापर्यंत भरली असे धरू. हा दाब मोटारीच्या टायरच्या दुपटीहून अधिक आहे. तरीही त्यातून मिळू शकणारी ऊर्जा कितीही उदार हिशेब केला तरी दीडशे जूलच्या आसपासच भरते. पंधरा किलोचे गव्हाचे पोते एक मीटर उचलायला जेवढी लागते, तेवढीच. रिमोटमध्ये घालतो त्या एका साध्या अल्कलाइन सेलमध्ये दहा हजार जूलपेक्षा जास्त ऊर्जा असते. हवेचा साठा तुटपुंजा खरा, पण तो क्षणात मोकळा होतो. म्हणून या गाड्या सुरुवातीला सेलवरच्या खेळण्यांना मागे टाकतात आणि काही सेकंदांत धापा टाकू लागतात.

दुसरी अडचण थंडीची. दाबलेली हवा पसरताना गार होते आणि हवेत ओलावा असेल तर इंजिनात दव, कधी हिमही धरते. फ्रान्समधील नांत शहरात १८७९ ते १९१७ या काळात लुई मेकार्स्की यांच्या पद्धतीच्या ट्राम दाबलेल्या हवेवर धावत. त्यांतली हवा सिलिंडरमध्ये जाण्याआधी गरम पाण्याच्या टाकीतून नेली जाई, ती याच कारणासाठी. शहर अडतीस वर्षे हवेवर प्रवास करत होते, ही गोष्ट खेळण्यांपेक्षाही अधिक विसरली गेली आहे.

महाराष्ट्रातील वाचकांना याचा अलीकडचा अध्याय आठवत असेल. फॉर्म्युला वनसाठी इंजिन बनवण्याचा प्रयत्न केलेले फ्रेंच अभियंते गी नेग्र यांच्या एमडीआय कंपनीशी टाटा मोटर्सने २००७ मध्ये करार केला आणि ‘हवेवर चालणारी कार’ हे शब्द वर्तमानपत्रांत झळकले. २०१२ मध्ये कंपनीने प्रकल्पाचा पहिला टप्पा पूर्ण झाल्याचे जाहीर केले. गाडी मात्र रस्त्यावर आली नाही. ३०० बार दाबाने भरलेल्या एक लिटर हवेतील ऊर्जा एक लिटर पेट्रोलमधील ऊर्जेच्या एक टक्काही भरत नाही. मोठ्या माणसांच्या मोटारीला जे गणित सुटले नाही, ते खेळण्याला सोडवायचेच नव्हते. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहोचले की काम झाले.

मग ही खेळणी गेली कुठे?

हलक्या लिथियम बॅटऱ्या आणि नखाएवढ्या मोटारी स्वस्त झाल्या. रिमोटने वळणारी, थांबणारी गाडी मिळत असताना नाकासमोर पळून भिंतीवर आपटणारी गाडी कोण घेणार? खुद्द ‘एअर हॉग्ज’ हे नाव पुढे विजेवरच्या रिमोट खेळण्यांसाठी वापरले गेले. नावात हवा राहिली, खेळण्यातून गेली.

आठवण नेमकी कशाची?

संग्राहकांचे बोलणे ऐकले तर रंग, स्टिकर, मॉडेल क्रमांक यांवर ते फार वेळ घालवत नाहीत. बोलणे पंपावर येते. आधी सहज सरकणारा आणि शेवटी दोन्ही हातांनी दाबावा लागणारा दट्ट्या, इंजिनाचा आवाज आणि तो खाली उतरत जाणे, मग धावत जाऊन गाडी परत आणणे. दंड दुखेपर्यंत पंप मारायचा आणि त्याच्या बदल्यात काही सेकंदांची धाव मिळायची. सेलवरच्या खेळण्यात ऊर्जा दुकानातून येते. इथे ती मुलाच्या हातातून गाडीत जात असे आणि किती गेली हे त्याला अंगावर कळत असे.

म्हणूनच इथे खेळण्यांच्या बाजाराचा नेहमीचा निकष फसतो. त्या बाजारात खोके न उघडलेल्या नगाला सर्वांत जास्त मान आणि दाम. पत्र्याची मोटार किंवा छोट्या धातूच्या गाड्या यांच्या बाबतीत ते समजण्यासारखे आहे, कारण त्या पाहायच्याच वस्तू आहेत. हवेवरच्या गाडीत पाहण्यासारखे फारसे काही नसते. तिचे सगळे मोल चालण्यात आहे आणि बंद खोक्यात नेमके तेच मरते. रबराची कडी वर्षानुवर्षे एकाच जागी दाबली गेली की चपटी होते आणि पुन्हा फुगत नाही. हवेतील प्राणवायू आणि ओझोन रबराला तडे पाडतात. कारखान्यात लावलेले वंगण सुकून चिकट होते. खोक्यावरचे सेलोफेन शाबूत असते, आतले इंजिन मात्र मेलेले असते आणि ते मेले आहे हे खोके उघडल्याशिवाय कळतही नाही. अशा नगासाठी चालत्या गाडीपेक्षा जास्त पैसे मोजणे म्हणजे खोक्याचेच पैसे मोजणे.

मूळ भाग बदलले तर ‘अस्सल’पणा जातो, असा यावर आक्षेप घेतला जातो. तो पोकळ नाही. ग्रीनिच वेधशाळेत जॉन हॅरिसन यांची पहिली तीन सागरी घड्याळे चालू ठेवली जातात, पण चौथे, प्रसिद्ध एच-४, बंद ठेवले जाते. त्याला तेल लागते आणि चालवले तर त्याचे भाग झिजतात. पण एच-४ जगात एकच आहे. कारखान्यातून खोक्यांनी बाहेर पडलेल्या प्लास्टिकच्या गाडीला तोच न्याय लावण्यात अर्थ नाही. काही नग न उघडता राहू द्यावेत, पण सगळेच नग तसे ठेवण्याची स्पर्धा लागली तर काही वर्षांनी चालणारी एकही गाडी उरणार नाही. बदललेली कडी चिठ्ठी लावून पाकिटात जपून ठेवली की अस्सलपणाचा पुरावाही राहतो.

जुन्या टाकीत हवा भरावी का?

नाही. इथे भावनेला जागा नाही. प्लास्टिक जुने होते तसे ठिसूळ होते आणि डोळ्यांना न दिसणारे तडे दाबाखाली अचानक उघडतात. दीडशे जूल गाडी पळवायला थोडे असले, तरी चेहऱ्याजवळ प्लास्टिकच्या चिंध्या उडवायला भरपूर आहेत. पेट्रोलियमचे फवारे मारून इंजिन ‘मोकळे’ करण्याची हौसही महागात पडते, कारण काही पारदर्शक प्लास्टिकला त्यानेच तडे जातात.

टाकी तपासायचीच असेल तर तिच्यात काठोकाठ पाणी भरून दाब द्यावा. पाणी जवळजवळ दाबले जात नाही, त्यामुळे त्यात ऊर्जा साठत नाही. टाकी फुटलीच तर भोक पडून पाणी वाहते, स्फोट होत नाही. गॅस सिलिंडरची ठराविक वर्षांनी पाण्याच्या दाबाने चाचणी होते, ती याच तत्त्वावर. तरीही चाचणीत पास झालेली जुनी टाकी उद्याही टिकेल, याची हमी मिळत नाही. शहाणपणाचा मार्ग म्हणजे मूळ टाकी रिकामी करून कपाटात ठेवणे आणि इंजिन चालवताना नव्या, दाबासाठीच बनलेल्या बाटलीतून हवा देणे. शीतपेयांच्या नव्या पेट बाटल्या आतल्या वायूचा दाब झेलण्यासाठीच बनवलेल्या असतात. तरी त्यांनाही मर्यादा आहेत. दाब मोजणारा पंप, डोळ्यांवर चष्मा आणि आसपास मुले नाहीत याची खात्री हवीच.

काय जपायचे राहून जाते आहे?

खोकी जपली जात आहेत, माहिती मात्र नाही. कोणत्या गाडीला किती मापाची कडी बसते, गोळीचा व्यास किती, कोणते वंगण चालते, किती दाबावर इंजिन नीट फिरते, हे सारे आज मोजक्या संग्राहकांच्या डोक्यात आहे. जे त्या वेळी दहा-बारा वर्षांचे होते, ते आता पन्नाशीत आहेत. मापे काढून ठेवायला एक व्हर्नियर आणि एक दुपार पुरते. आवाज नोंदवायला खिशातला फोन पुरतो, मात्र त्यासाठी गाडी एकदा तरी चालली पाहिजे. विक्रीच्या वर्णनात ‘खोके न उघडलेले’ या शब्दांशेजारी ‘इंजिन चालते, कडी अमुक साली बदलली’ असे लिहिले जाऊ लागले आणि त्या ओळीला दाम मिळू लागला, तर दुरुस्ती करणाऱ्याला दुरुस्तीसाठी आणखी कारणे द्यावी लागणार नाहीत.