ओहोटीचा आवाज

शुक्रवारी सायंकाळी शब्बाथचे दिवे लागले, मनुकांच्या सरबतावर किद्दुश झाला, आणि जेवण आटोपत असता आमच्या पुतण्याची सतरा वर्षांची कन्या म्हणाली, "आजोबा, शेमा म्हणताना मला काहीच वाटत नाही. मग तो कशासाठी म्हणायचा?" पुतण्याने तिला तिथल्या तिथे गप्प केले. ही गोष्ट 2022 सालच्या हिवाळ्यातील. 2020 च्या अब्राहम करारानंतर इस्राएलमधून जी काही कुटुंबे नोकरीधंद्यासाठी दुबईस गेली त्यांपैकी हे एक; बिऱ्हाड जुमेरा लेक टॉवर्समधील एका उंच इमारतीत, खाली माणसांनी खोदून भरलेले तळे.

मुलीच्या या शंकेचे खापर तिच्या आईने परीक्षेस नेमलेल्या एका इंग्रजी कवितेवर फोडले. मॅथ्यू अर्नॉल्ड यांची 'डोव्हर बीच' ही ती कविता. ती प्रसिद्ध झाली 1867 साली. मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला तोही त्याच वर्षी. जुन्या श्रद्धेची झाडाझडती एकट्या विलायतेतच चालली होती असे नाही! आरोपीची जबानी ऐकल्यावाचून निकाल देऊ नये म्हणून आम्ही त्याच रात्री ती कविता वाचून काढली.

कवी खिडकीपाशी उभा आहे. चांदणे पडले आहे, पलीकडे फ्रान्सच्या किनाऱ्यावर एक दिवा चमकून विझतो. सर्व शांत दिसते. पण कवी जवळच्या प्रिय व्यक्तीस कान देण्यास सांगतो, आणि लाटेबरोबर घरंगळणाऱ्या गोट्यांचा खरखराट ऐकू येऊ लागतो. तोच विषाद ग्रीक नाटककार सोफोक्लीस यास आपल्या समुद्रात ऐकू आला होता, असे कवीस वाटते. एके काळी श्रद्धेचा सागर पृथ्वीभोवती कमरपट्ट्यासारखा वेढलेला होता, तो आता मागे हटत आहे, ही या कवितेतील मध्यवर्ती प्रतिमा. ती बहुधा 1851 च्या सुमारास लिहिली गेली, म्हणजे डार्विनचा 1859 चा ग्रंथ अजून यावयाचा होता. परंतु भूगर्भशास्त्रज्ञांनी पृथ्वीचे वय लाखो वर्षांनी वाढविले होते, आणि जर्मन पंडित पवित्र ग्रंथांची चिकित्सा करू लागले होते. शेवटी कवीच्या हाती उरते ते एवढेच, की आपण दोघांनी एकमेकांशी खरे राहावे. बाहेर अंधारात सैन्ये एकमेकांवर आदळत आहेत.

कविता थोर आहे, यात शंका नाही. तिच्या न्यायाविषयी मात्र आमची तक्रार आहे. आरंभी समुद्र भरतीने तुडुंब आहे. लाट गोटे मागे ओढते आणि परतताना पुन्हा वर फेकते, हेही कवीनेच लिहिले आहे. श्रद्धेकडे वळताच मात्र त्याला ओढण्याचाच आवाज ऐकू येतो! आम्ही अलिबागकडची माणसे. कुलाबा किल्ल्यात पायी जायचे तर ओहोटीचीच वाट पाहावी लागते, हे तिकडे लहान पोरही जाणते. आमच्या पुतण्याच्या खिडकीखालील तळ्यास भरती-ओहोटी नाही. पाणी सदा एकाच पातळीवर, देखणे आणि मुके. घरातील श्रद्धाही तशीच असावी, असे या आईबापांस वाटते.

त्यांचे भय आम्हांस कळत नाही असे नव्हे. 1962 साली मुख्य रब्बीपीठाने बेने इस्राएलांच्या विवाहांसाठी पूर्वजांची चौकशी करण्याच्या सूचना काढल्या. आपली माणसे जेरुसलेमच्या रस्त्यावर धरणे धरून बसली, तेव्हा कोठे 1964 च्या ऑगस्टमध्ये क्नेसेटने आपण सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले. ज्यांच्या यहुदीपणावरच इतरांनी संशय घेतला, त्यांना घरातली शंका परवडणारी नव्हती. म्हणून आमच्या पिढीने ती गिळली आणि मुलांनाही गिळावयास शिकविले. हे चुकलेच, असे आम्ही स्पष्ट म्हणतो. ईयोबाने देवासच जाब विचारला, आणि त्याचा ग्रंथ आपल्या पवित्र शास्त्रात आहे. मग सतरा वर्षांच्या मुलीने आजोबास विचारले तर काय बिघडले?

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला नवगावची कथा सांगितली. गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया किनाऱ्यास लागल्या, ग्रंथ समुद्राने नेले, भाषाही पुढे विसरली. उरला तो शेमा, आणि अर्थ न कळताही तो पिढ्यान्‌पिढ्या म्हटला गेला, अशी आपली परंपरा सांगते. तिने सर्व लक्षपूर्वक ऐकले.

"आजोबा, त्यांना तरी म्हणताना काही वाटत असेल का?"

आम्ही तिला सांगितले, की आम्हांस ठाऊक नाही. तिचा बाप तेथेच बसला होता. या खेपेस तो काही बोलला नाही.