सायकल आहे, वाट कोठे आहे?

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात एक आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. १९ ते २३ तारखेपर्यंत पाच दिवस चाललेली ही शर्यत एकूण ४३७ किलोमीटरची होती आणि मुळशीचे डोंगर, पुरंदरचे चढ, बारामतीची सपाटी असा तिचा मार्ग होता. परदेशांतील नामवंत सायकलपटू यायचे म्हणून प्रशासनाने कंबर कसली. वर्षानुवर्षांच्या अर्जांना न हलणारी यंत्रणा हलली, खड्डे बुजले, डांबर चढले. शासनाने मनात आणले तर डोंगरातील रस्ता ठरलेल्या तारखेच्या आत चांगला होऊ शकतो, एवढी गोष्ट या शर्यतीने निर्विवाद सिद्ध केली. तेव्हा आजवर तो का झाला नाही, हा प्रश्न विचारण्याचा अधिकारही तिनेच जनतेला दिला आहे.

शर्यतीच्या बरोबरीने आणखी एक हौस वाढते आहे. जाड टायरच्या, गिअरच्या, धक्के शोषणाऱ्या सायकली घेऊन शहरांतील सुखवस्तू तरुण सुटीच्या दिवशी सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांत उतरतात. राज्याने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण आखले आणि डोंगर म्हणजे विकण्याजोगा माल, ही दृष्टी सरकारदरबारी रूढ झाली. मग डोंगरात हौशी सायकलस्वारांसाठी खास वाटा आखाव्यात, असा आग्रह धरला जाणे ओघानेच आले. खेळाला कोणाचाच विरोध असण्याचे कारण नाही. धूर न ओकणाऱ्या, परदेशी तेलावर न चालणाऱ्या, माणसाच्या स्वतःच्या श्रमावर धावणाऱ्या वाहनाला तर समाजवाद्यांनी विरोध करूच नये. खेड्यापाड्यांत चळवळ पोचली ती मोटारीतून नव्हे, सायकलीवरूनच. वाद सायकलीशी नाही. सार्वजनिक पैशाने वाट बांधायची तर ती प्रथम कोणासाठी, याविषयी वाद आहे.

हा वाद नीट समजून घ्यायचा तर पुण्याचे घाट सोडून मराठवाड्यात यावे लागेल. बोरी हे परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्याचे मोठे गाव. परभणीहून जिंतूरला जाणारा रस्ता या गावावरून जातो. उत्तरेकडे अजिंठ्याच्या रांगेतील जिंतूरचे डोंगर, पूर्णेच्या पात्रावर येलदरीचे धरण, नेमगिरीची जैन लेणी, चारठाण्याची प्राचीन मंदिरे, करपरेसारख्या नद्यांनी आणि ओढ्यांनी कापलेली जमीन. पर्यटनाची माहितीपत्रके छापणाऱ्यांना या तालुक्यात मजकूर कमी पडणार नाही. पण डोंगराच्या कुशीतील वाडीतांड्यांवरून शाळेसाठी मोठ्या गावाला येणाऱ्या मुलीला हा देखावा दिसत नाही. तिला दिसते ती काळी माती.

पावसाळ्यात या मातीतून साधी सायकल चालवणे काय असते, हे मराठवाड्यातील कार्यकर्त्यांना सांगायला नको. चिकण माती चाकाला चढते, मडगार्डमध्ये गच्च बसते आणि चाक फिरेनासे होते. काडीने माती कोरून काढावी, दहा पावले जावे, पुन्हा थांबावे. ओढ्याला पाणी आले की अलीकडेच उभे राहावे. जी सायकल मुलीला वाहून नेणार, तिलाच मुलीने वाहून न्यायचे. जो चिखल एकासाठी साहस, तोच दुसरीसाठी गैरहजेरी. आणि गैरहजेरीचे दिवस वाढत गेले की शाळा सुटते व लग्नाची बोलणी सुरू होतात.

ही सायकल तिला शासनानेच दिलेली असते. मानव विकास कार्यक्रमाचा विस्तार २०११ साली २२ जिल्ह्यांतील १२५ मागास तालुक्यांत झाला. शाळेपासून पाच किलोमीटरपर्यंतच्या, बसची सोय नसलेल्या गावांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी त्यातून अनुदान मिळते; २०२२ मध्ये ते साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये झाले. योजना चांगली आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. बिहारमध्ये २००६ पासून मुलींना सायकली दिल्या गेल्या, तेव्हा माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींची संख्या सुमारे एकतृतीयांशाने वाढल्याचे अर्थशास्त्रज्ञांच्या पाहणीत दिसून आले, आणि हा परिणाम मुख्यतः शाळेपासून दूरच्या गावांत होता. तामिळनाडूतील पुदुकोट्टईत १९९० च्या दशकात साक्षरता चळवळीबरोबर हजारो गरीब स्त्रिया सायकल शिकल्या आणि बाप, भाऊ वा नवरा यांच्या मदतीवाचून बाजारात आणि कामावर जाऊ लागल्या. सायकल हे स्वातंत्र्याचे साधन आहे, ते असे. पण शासन सायकलीचे पैसे देते आणि वाटेचा विचार करीत नाही. हा प्रकार होडी देऊन नदी न देण्याचा आहे.

त्यातच शाळाही दूर चालली आहे. शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक शाळा एक आणि उच्च प्राथमिक शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी असे ठरवून दिले. तरीही २० पेक्षा कमी पट असलेल्या, राज्यातील चौदा हजारांहून अधिक शाळांवर टांगती तलवार आहे. २०२३ मध्ये अशा शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव मागवले गेले, आणि त्यासाठी नमुना म्हणून पुढे करण्यात आली ती पुणे जिल्ह्याच्याच डोंगरी भागातील पानशेतची शाळा. कमी पटाच्या शाळा असतात कोठे? डोंगरातच, वाड्यांतच, तांड्यांवरच. म्हणजे ज्या डोंगरात पाहुण्यांसाठी वाट आखायची, त्याच डोंगरातून मुलांची शाळा खाली आणायची. हे जाणूनबुजून होत नसेलही; पण ज्यांच्या हाती निर्णय आहे त्यांची मुले त्या वाटेने चालत नाहीत, एवढे मात्र खरे.

पैसा नाही, ही सबब जुनी आहे. कायदा नाही, असेही म्हणता येणार नाही. शेताकडे जाणाऱ्या वाटेचा हक्क महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ मध्ये आहे. अडवलेली वाट मोकळी करून देण्याचे अधिकार तहसीलदाराला १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याने दिलेले आहेत. २०२१ साली शेत व पाणंद रस्त्यांसाठी ‘मातोश्री’ नावाची योजना निघाली. वाट वनजमिनीतून जात असेल, तर २००६ च्या वनहक्क कायद्याचे कलम ३(२) पाहावे: ग्रामसभेने शिफारस केली, तर रस्ता, शाळा, अंगणवाडी यांसारख्या सोयींसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. कागदावर सर्व आहे. नाही तो फक्त शर्यतीसाठी दाखवलेला उत्साह.

आणि श्रमही आहेत. १९७२ च्या दुष्काळात याच महाराष्ट्रात लक्षावधी स्त्रीपुरुषांनी खडी फोडली, पाझर तलाव खणले, रस्ते घातले. त्या घामातून १९७७ चा रोजगार हमी कायदा जन्मला आणि पुढे २००५ मध्ये साऱ्या देशाने तो मार्ग स्वीकारला. पाणंद रस्त्यांच्या योजनेचा मोठा आधार हीच हमी होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या देशव्यापी कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. पूर्वी अकुशल मजुरीचा सर्व खर्च केंद्र उचलीत असे; नव्या कायद्यात खर्चाचा ४० टक्के वाटा महाराष्ट्रासारख्या राज्यांच्या माथी आला आहे. कामाचे दिवस कागदावर १०० चे १२५ झाले. पण तिजोरीत खडखडाट असलेले राज्य कामे काढण्यात हात आखडता घेईल, हे सांगायला ज्योतिषी नको. आखडलेल्या हातातून प्रथम निसटेल ती वाडीची वाट.

पर्यटनाने स्थानिकांना रोजगार मिळेल, असे उत्तर यावर दिले जाते. मुळशीच्या डोंगरात लवासा उभे राहिले तेव्हाही हेच सांगितले गेले होते. जमिनी कोणाच्या गेल्या, गिरिस्थान कोणाचे झाले आणि कंपनी पुढे दिवाळखोरीच्या कायद्याखाली कशी गेली, हे सर्वांसमोर आहे. पाहुण्यांना भाकरी रांधून वाढणे हा रोजगार हलका नव्हे. परंतु वाट कोठून जावी, किती माणसे यावीत, शुल्क कोणाकडे जावे, हे ठरवण्याचा अधिकार ज्याला नाही, तो आपल्याच डोंगरात हमाल ठरतो. शर्यतीचा सुधारलेला रस्ता गावकऱ्यांनाही वापरायला मिळतो, हा युक्तिवादही अपुरा आहे. मिळतो, हे खरे. पण तो कोणत्या गावातून जाणार, हे गावाची निकड ठरवीत नाही. चित्रीकरणाच्या कॅमेऱ्याला शोभेल असा उतार ठरवतो. बोरीच्या पलीकडच्या तांड्यावर कॅमेरा येणार नाही. म्हणून त्याने चिखलातच राहावे काय?

तेव्हा मागणी स्पष्ट असली पाहिजे. ज्या तालुक्यात मुलींना सायकली दिल्या, त्या तालुक्यात वाडीपासून शाळेपर्यंतची प्रत्येक वाट बारमाही करा. जेथे ओढा आडवा येतो तेथे मोरी बांधा. हे होईपर्यंत हौशी वाटांवर सरकारी तिजोरीतून एक रुपयाही खर्च करू नका. त्यानंतर पाहुण्यांच्या वाटा जरूर व्हाव्यात. पण ग्रामसभेच्या संमतीने, तिच्या अटींवर आणि उत्पन्न तिच्या हाती देऊन.

कार्यकर्त्यांना यासाठी मोर्च्याची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक शाखेने पावसाळ्यापूर्वी आपल्या भागातील शाळेच्या वाटा स्वतः चालून पाहाव्यात, किती मुली कोठून येतात आणि कोठे अडतात याची यादी करावी, ती ग्रामसभेपुढे ठेवून ठराव घ्यावा आणि ठरावाची प्रत घेऊन तहसीलदारांच्या दारात बसावे. ४३७ किलोमीटरचा मार्ग ठरलेल्या तारखेच्या आत सज्ज होऊ शकतो, हे शासनाने स्वतःच दाखवले आहे. तांड्यावरच्या मुलीला त्यातले चारच किलोमीटर हवे आहेत. तिचीही एक तारीख ठरलेली आहे. दर जून महिन्यात शाळा उघडते.