ताऱ्याचे वजन वाढते कसे?

कोरेगाव तालुक्याच्या उत्तर भागातला पाझर तलाव कसा भरतो, हे तिथल्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. पंधरा दिवस भुरभुर पाऊस पडला तरी तळ जेमतेम ओला होतो. परतीच्या पावसाची एकच जोरदार रात्र येते आणि सकाळी सांडव्यावरून पाणी वाहू लागते. सरासरीचा आकडा कागदावर खरा असतो, पण तलाव सरासरीने भरत नाही. नवजात ताराही बराचसा असाच भरतो, असे गेल्या काही दशकांतली निरीक्षणे सांगतात. त्यातली काही मोलाची निरीक्षणे पुणे जिल्ह्यातल्या गिरवलीच्या डोंगरावरून झाली आहेत.

तारा जन्मतो वायू आणि धुळीच्या थंडगार ढगात. ढगाचा एखादा दाट भाग स्वतःच्याच गुरुत्वाने आकसतो आणि मध्यभागी तान्हा तारा तयार होतो. मात्र ढग मुळात सावकाश फिरत असतो आणि आकसताना ही गिरकी वाढते. त्यामुळे सगळा वायू सरळ मध्यावर न पडता ताऱ्याभोवती पसरट तबकडी होऊन फिरत राहतो आणि हळूहळू आत सरकतो. ताऱ्याच्या अगदी जवळ आला की ताऱ्याचे चुंबकीय क्षेत्र त्याला धरते आणि पन्हळीतून पाणी यावे तसे पृष्ठभागावर आणून सोडते. सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने आदळलेला वायू तापतो, चमकतो. ही चमक मोजली की ताऱ्याच्या अंगी किती वस्तुमान लागते, याचा अंदाज येतो.

१९९० मध्ये हा हिशेब चुकत असल्याचे ठळकपणे समोर आले. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ स्कॉट केनियन आणि सहकाऱ्यांना वृषभ राशीच्या दिशेच्या ढगातले तान्हे तारे अपेक्षेपेक्षा बरेच मंद दिसले. काही लाख वर्षांत पूर्ण वाढ व्हायची तर सतत जेवढा वायू आत जायला हवा, तेवढी चमक दिसेना. मग वजन वाढते कधी? एक उत्तर असे, की तारा बहुतेक काळ अर्धपोटी असतो आणि मधूनच अधाशासारखा खातो.

या खादाडीचा नमुना १९३६-३७ मध्येच दिसला होता. मृग नक्षत्रातला ‘एफयू ओरायनिस’ हा अंधूक तारा वर्षभरात शेकडो पट तेजस्वी झाला आणि अजूनही पूर्वीइतका मंद झालेला नाही. अशा भडक्यात तारा वर्षाला सूर्याच्या दहा हजाराव्या हिश्शाइतके, म्हणजे जवळपास ३३ पृथ्वींइतके वस्तुमान ओढून घेऊ शकतो. ढगाच्या आवरणातून बाहेर आलेला शांत तरुण तारा मात्र वर्षाला साधारण चंद्राच्या पाव हिश्शावर भागवतो. कुठे ३३ पृथ्वी आणि कुठे पाव चंद्र!

गिरवलीचा संबंध येतो तो दुसऱ्या एका ताऱ्याशी. जानेवारी २००४ मध्ये अमेरिकेतल्या केंटकी राज्यात जे मॅकनील या हौशी निरीक्षकाने घराच्या अंगणातून, अवघ्या ३ इंची दुर्बिणीने, मृगात एक नवा तेजोमेघ टिपला. आतला ‘व्ही १६४७ ओरायनिस’ हा तान्हा तारा भडकला होता आणि त्याच्या उजेडात ढग दिसू लागला होता. दोनेक वर्षांत तो विझला, २००८ मध्ये पुन्हा पेटला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले जो फिलिप निनान, देवेंद्र ओझा आणि सहकाऱ्यांनी सप्टेंबर २००८ ते मार्च २०१३ त्याचा पाठपुरावा केला. तेज मोजण्यात १२४ रात्री गेल्या, वर्णपट घेण्यात ५९. दुर्बिणी दोनच, दोन्ही २ मीटर व्यासाच्या: लडाखमधल्या हानलेची आणि पुण्याच्या ‘आयुका’ची गिरवलीतली. या खेपेला ताऱ्याचे तेज आधीच्या भडक्यापेक्षा जवळपास सहापट सावकाश उतरत होते. म्हणजे एकाच ताऱ्याचे लागोपाठचे दोन भडकेही सारखे नव्हते.

बाळाचे वजन एकदाच करून ते वाढते आहे की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. त्यासाठी अंगणवाडीतला वाढीचा तक्ता महिन्यामागून महिने भरावा लागतो. ताऱ्याचेही तेच. जगातली सर्वात मोठी दुर्बीण एका रात्रीपुरती मिळाली, तर एक ठिपका मिळतो. रेघ ओढायला वर्षे लागतात. एवढ्या रात्री मोठ्या दुर्बिणीवर कोणी देत नाही. त्यामुळे मध्यम दुर्बिणी आता जुन्या झाल्या, ही समजूत चुकीची आहे आणि संशोधनाचा पैसा वाटताना ती महागात पडेल.

भडका उडतो कशाने, यावर अजून एकमत नाही. तबकडीत साचलेला माल अस्थिर होऊन कोसळत असेल किंवा शेजारच्या ताऱ्याची ओढ कारण असेल. एकूण वजनापैकी किती भाग या झटक्यांतून येतो, हाही वादाचा मुद्दा आहे. तो सुटायचा तर अधिक तारे, अधिक रात्री आणि काळोखे आकाश लागेल.

यातले आकाशच सर्वात वेगाने हातचे जात आहे. गावोगावच्या चौकांत उघडे हायमास्ट उभे राहिले आणि त्यांचा बराच उजेड वर वाया जातो. (रात्रीच्या प्रखर प्रकाशाने झोपेशी निगडित मेलाटोनिन घटते, तो वेगळ्या लेखाचा विषय.) हानलेचे आकाश २०२२ मध्ये संरक्षित झाले, विदर्भातल्या पेंचला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’चा दर्जा मिळाला. कोरेगावला तेवढा थाट नको. दिव्यांना वरून झाकण आणि मध्यरात्रीनंतर निम्मे दिवे बंद, एवढा ठराव ग्रामसभाही करू शकते. माघात रात्री नऊच्या सुमारास जरंडेश्वराच्या पायथ्याशी उभे राहिले, तर मृगातले बाणाचे तीन तारे डोक्याच्या थोडे दक्षिणेला दिसतात. त्यातल्या पूर्वेकडच्या ताऱ्याच्या किंचित ईशान्येला मॅकनीलचा तो तेजोमेघ आहे. तो नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही आणि आतला तारा पुन्हा मंदावला आहे. १९६६ च्या सुमाराच्या जुन्या छायाचित्रांतही त्याचा एक भडका सापडला, त्यामुळे पुढचाही येईल, असे मानायला जागा आहे.