कोकणच्या नावेला फिनिशियन गुरू नव्हता

कोकणच्या इतिहासाची चर्चा निघाली की एक विधान हमखास कानावर येते: आपल्याला समुद्र दाखवला फिनिशियनांनी. आधार बायबलचा. फिनिशियनांच्या टायर शहराचा राजा हिराम याच्या खलाशांनी सॉलोमनसाठी ओफिरहून सोने आणले. ओफिर म्हणजे आपले सोपारे. तेव्हा इसवी सनापूर्वी दहाव्या शतकात ते आपल्या किनाऱ्यावर होतेच!

फिनिशियनांचे दर्यावर्दीपण मी नाकारत नाही. त्यांची जहाजे स्पेनपर्यंत जात. पण ओफिर आणि सोपारे यांना जोडणारा धागा मुख्यतः नामसाम्याचा आहे. सोपाऱ्याचा पक्का लेखी पुरावा, म्हणजे अशोकाचे शिलालेख, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला. मधली सातशे वर्षे नामसाम्याने भरून निघत नाहीत. ऋग्वेदातले पणी हेच फिनिशियन, म्हणजे ते मूळचे आपलेच, असा उलटा दावा करणारेही याच नामसाम्याच्या वाटेने जातात.

जहाजांची बांधणीही वेगळी. फळीच्या कडेला खाच पाडायची, तीत लाकडी पट्टी बसवून खुंटीने जखडायची, या जोडाला रोमन लोक कार्थेजच्या फिनिशियनांचेच नाव देत. हिंदी महासागरात मात्र फळ्यांना भोके पाडून त्या काथ्याच्या दोरीने शिवत. वेळापत्रक मोसमी वाऱ्याचे. पावसाळ्यात बंद झालेला दर्या नारळी पौर्णिमेला उघडतो, हे ज्ञान टायरहून आलेले नाही.

आपला पुरावा दूर शोधायला नको. म्हसळ्याची खाडी राजपुरीच्या खाडीला मिळते आणि त्या खाडीवर कुड्याची 26 लेणी आहेत. तिथल्या ब्राह्मी लेखांत दान देणारे कोण? मांदव घराण्याचे महाभोज, श्रेष्ठी, सार्थवाह, माळी आणि करहाकड म्हणजे कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी. घाटावरचा माणूस खाडीकाठी लेणे कोरवतो, कारण त्याच्या मालाची वाट इथून समुद्राला लागत असणार. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरमार्गदर्शिकेत चौलनंतर मंदगोरा हे बंदर येते. कुणी ते बाणकोट मानतात, पण लेण्यांशेजारच्या मांदाडचा दावा मला अधिक सबळ वाटतो. सातवाहनांच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज आहे, आणि इजिप्तच्या बेरेनिके बंदराच्या उत्खननात भारतीय सागवान निघाले आहे.

म्हसळा-तळ्याच्या शिक्षकांना माझी विनंती आहे: हिरामची गोष्ट जरूर सांगा, पण त्याआधी मुलांना कुड्याला न्या आणि कऱ्हाडच्या त्या व्यापाऱ्याचा लेख वाचून दाखवा.