डावं-उजवं

आमच्या माणदेशात माणसाला पक्षाघात होत नाही, त्याच्या अंगावरनं वारं जातं. रात्री धडधाकट झोपलेला गडी सकाळी तोंड वाकडं करून बोलायला लागला, एक हात लोंबायला लागला, की दारात जमलेली माणसं एकमेकांकडं बघतात आणि म्हणतात, ‘वारं गेलं.’ मग उसासा टाकतात. मग कुणीतरी चुलीवर तेल तापत ठेवतं. मी या शब्दाशी भांडायला बसलो आहे.

शब्द साधा दिसतो, पण घात करतो. वारं बाहेरनं येतं, कुठनंही येतं, त्याला अडवता येत नाही आणि त्याचा जाब कुणाला विचारता येत नाही. एकदा वारं म्हटलं की सगळे मोकळे. ज्यानं आयुष्यभर तंबाखू चघळली तो मोकळा, ज्यांनी घरातल्या बाईचं ऐकून घेतलं नाही ते मोकळे, आणि तालुक्याला मेंदूचा फोटो काढायचं मशीन बसवलं नाही ते सरकारही मोकळं. जुन्या वैद्यांच्या शास्त्रात वात म्हणून काही विचार आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. गावात तो विचार उरलेला नाही, नुसती पळवाट उरली आहे.

अंगावरनं काही जात नाही. डोक्याच्या आत, मेंदूला रक्त नेणारी एक नळी बुजते किंवा फुटते. मेंदूचा डावा भाग अंगाची उजवी बाजू चालवतो आणि उजवा भाग डावी. म्हणून बिघाड एका बाजूला दिसतो, आणि उजवी बाजू गेली तर बऱ्याचदा वाचाही जाते, कारण बहुतेकांचं बोलणं डाव्या मेंदूत असतं. मोठी नळी बुजली तर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात, असा तज्ज्ञांचा हिशेब आहे. तेल तापेपर्यंत किती गेल्या, ते ज्याचं त्यानं मोजावं.

आता मला सांगा, डावं-उजवं ओळखायला शेतकऱ्याला शिकवावं लागतं का? खरसुंडीच्या यात्रेत खिल्लार खोंड घेताना आमची माणसं त्याला दहा वेळा चालवून बघतात. मागचा डावा पाय जरा अवघडून टाकला तरी दावं मालकाच्या हातात परत देतात. औताला जू एका अंगाला कललं की घरधनी म्हणतो, ‘उजवीकडचा आज वढत न्हाई, बघा काय झालंय त्याला.’ बैल संध्याकाळी दवाखान्यात. त्याच घरधन्याच्या पायातली चप्पल चार दिवस बांधावर निसटून पडते आणि त्याला कळतही नाही, तेव्हा तो चांभाराला शिव्या देतो.

आणि बाईचं तर विचारूच नका.

माझी चुलती, आम्ही तिला नानी म्हणायचो. साल १९९३, मी नववीत होतो. सकाळी ती म्हशीची धार काढायची आणि मी रेडकू धरायचो. एके दिवशी ती मधेच थांबली. ‘डाव्या हाताची धार बारीक लागतीया रं,’ म्हणाली. तिनं हात झटकला, सड बदलले, तरी डाव्या हाताची धार बारीकच. पुढं अंघोळीला बसली, तर उजव्या खांद्यावर पाण्याचा चटका बसला आणि डाव्या खांद्यावर तेच पाणी कोमट लागलं. हे तिनं थोरल्या जावेला सांगितलं. जाऊ म्हणाली, ‘रात्री हातावर झोपली असशील.’ तात्यांना सांगितलं. तात्या म्हणाले, ‘बायकांचं रोजचंच हाय.’ दुपारपर्यंत हात ठीक झाला आणि विषय मिटला.

नानीनं किती नेमकं सांगितलं होतं ते बघा. ताकद कुठल्या हाताची कमी झाली, गरम-गार कुठल्या खांद्याला कळेना, हे तिनं धारेवरनं आणि तांब्यावरनं ओळखलं होतं. डॉक्टर हातोडी आणि टाचणी घेऊन जे शोधतो, ते हिला न शिकता सापडलं. थोड्या वेळात आपोआप बरा होणारा असा झटका म्हणजे पूर्वसूचना असते, आणि मोठ्या झटक्याचा धोका त्यानंतरच्या दोनचार दिवसांत सगळ्यात जास्त असतो. सूचना आली होती, ती ऐकणारं कुणी नव्हतं.

चौथ्या दिवशी पहाटे नानी उठलीच नाही. डावी बाजू पूर्ण गेली होती. तात्यांनी जीप केली आणि जीप गेली ती दवाखान्यात नाही, दोन डोंगर पलीकडं, पारव्याच्या रक्तानं अंग चोळणाऱ्याकडं. नऊ दिवस तिथं काढले. दहाव्या दिवशी जिल्ह्याच्या गावी नेलं, तेव्हा डॉक्टर कागदावरनं मान वर न करता म्हणाला, ‘एवढे दिवस काय केलंत?’ तिथं तिच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा पहिल्यांदा बांधला गेला. पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा.

त्यानंतर नानी अकरा वर्षं जगली. उजव्या हातानं भाकरी थापायची, पण परातीत ती फिरवायला डावा हात नव्हता. भाकरी एका अंगाला जाड आणि दुसऱ्या अंगाला फाटलेली व्हायची. तात्या ती न बोलता खायचे.

नानीच्या वेळी दोष काळाचा होता, असं कुणी म्हणेल. अर्धं खरं आहे. मेंदूतली गुठळी विरघळवणारं औषध पक्षाघातासाठी अमेरिकेत मान्य झालं तेच १९९६ साली. पण आज? आज ते औषध आपल्याकडं आहे. झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत, तपासणी करून, ज्याला चालतं त्याला देता येतं. २०१४ पासून १०८ ची गाडी फोन केला की येते, पैसे लागत नाहीत. आणि तरी गेल्या साली आमच्या आळीतला एक गडी उजव्या बाजूनं गेला, तेव्हा जीपच्या जागी बोलेरो होती, प्रत्येकाच्या खिशात मोबाईल होता, आणि बोलेरो गेली त्याच दोन डोंगरांपलीकडं. बापाच्या जागी आता लेक चोळतो, एवढाच फरक.

‘पण तिथं माणसं बरी होतात की!’ हे मला शंभर जणांनी सुनावलं आहे. होतात. पक्षाघाताची काही माणसं पहिल्या काही आठवड्यांत कमी-जास्त सुधारतात. मेंदूची सूज उतरते, शेजारचा भाग थोडं काम उचलतो. चोळलं तरी सुधारतात आणि न चोळलं तरी सुधारतात. जो सुधारला तो गावभर पारव्याचं नाव सांगत फिरतो, आणि जो खाटेला खिळला त्याचं ‘नशीब’. असल्या धंद्यात तोटा कसा येईल? हातापायांना व्यायाम हवा, चालायचं नव्यानं शिकवायला हवं, तेही रोज आणि महिनोन्महिने, हे मलाही मान्य आहे. पण ते जीव वाचल्यावर. आधी मेंदूचा फोटो. कारण नळी बुजली आहे की फुटली आहे, हे बाहेरनं कुणालाही सांगता येत नाही, मोठ्या डॉक्टरालाही नाही. आणि एकाचं औषध दुसऱ्याला घातक ठरतं.

शहरातल्या वाचकानं इथं मान डोलावून गावाला अडाणी ठरवू नये. त्याच्याशीही माझं भांडण आहे. ‘एवढा उशीर का केला’ हा प्रश्न कागदावरनं मान वर न करता विचारणाऱ्यानं आधी सांगावं, की आमच्या वाडीपासनं फोटो काढायच्या मशीनपर्यंत किती तास लागतात. पावसात ओढा भरला की किती? साडेचार तास हे आमच्यासाठी औषधाचे नाहीत, रस्त्याचे आहेत. मशीन आणि ते वाचणारा डॉक्टर तालुक्याला येत नाही, तोवर गावाच्या अडाणीपणावर भाषण करायचा हक्क कुणाला नाही. शिवाय शहरातही हात बधिर झाला की ‘मान अवघडली असेल’ म्हणत मलम चोळणारे फ्लॅटोफ्लॅटी आहेतच.

सगळा बधिरपणा पक्षाघाताचा नसतो, हेही खरं. दोन्ही पावलं मोजे घातल्यासारखी सुन्न होत गेली तर साखर तपासावी. अंगावर फिकट चट्टा असून तिथं स्पर्श कळत नसेल तर कुष्ठरोगाची तपासणी करावी, त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि आजार बरा होतो. कंबरेतनं एका पायात कळ उतरली तर मणका बघावा. पण एकाच बाजूचा हात, पाय, तोंड अचानक ढिलं पडलं किंवा बधिर झालं, तर दुसरा विचार करायचा नाही. हसायला सांगा, तोंड एकीकडं ओढतं का बघा. डोळे मिटून दोन्ही हात परडी धरल्यासारखे पुढं करायला सांगा, एक हात खाली येतो का बघा. नाव-गाव विचारा, जीभ अडखळते का बघा. यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन. तोंडात पाणी-चहा ओतू नका, गिळता येत नसेल तर तो फुप्फुसात जातो. घरातली गोळी देऊ नका. आणि थोड्या वेळानं बरं वाटलं, तरीही जा.

त्याच्याही आधी, आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब मोजून घ्या. गड्यांनी घ्याच, पण मिशरी लावत दिवसभर राबणाऱ्या बायकांना आधी न्या. बाई म्हणाली, ‘हात जड लागतोय,’ तर तिला विचारा, कुठला? कधीपासनं?

लेकरांत डावं-उजवं करू नये, असं म्हाताऱ्या सांगत आल्या, आणि ते बरोबरच आहे. आपल्या अंगात मात्र ते रोज करावं. धार काढताना, चप्पल घालताना, अंगावर पाणी घेताना. आणि दारात कुणी ‘वारं गेलं’ म्हणून उसासा टाकला, तर त्याला पहिला प्रश्न विचारा : किती वाजता?