लोभाला पिंपळ लागत नाहीं

मानवतचें नांव निघालें कीं सुशिक्षितांच्या बैठकींत एक ठराविक उद्गार ऐकूं येतो: "अडाणी मुलूख, अडाणी लोक, दुसरें काय होणार?" आम्ही जिंतूरकर त्याच परभणी जिल्ह्याचे रहिवासी असल्यामुळें हा शेरा आम्हांस वारंवार ऐकावा लागतो. तो आमच्या मुलुखास कमीपणा आणतो म्हणून नव्हे, तर तो खोटा आहे म्हणून त्याचा समाचार घेणें प्राप्त आहे.

घडलें तें असें. १४ नोव्हेंबर १९७२ पासून ४ जानेवारी १९७४ पर्यंत मानवत येथें दहा खून झाले. बळी गेल्या त्या मुली आणि स्त्रिया. कित्येकींचें वय जेमतेम दहा वर्षांचें. रमाकांत कुलकर्णी यांनीं तपासाचीं सूत्रें हातीं घेतलीं. पुढें न्यायालयांत सरकारपक्षानें मांडलेली हकीकत अशी कीं, पिंपळाखालचें गुप्तधन हातीं लागावें आणि एका स्त्रीस अपत्य व्हावें, यासाठीं कुमारिकांचें रक्त वाहण्यांत आलें. १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. कांहींना फांशीची शिक्षा झाली. सूत्रधार म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखविलें गेलें होतें, ते पुराव्याअभावीं सुटले. तो निकाल आम्हांस शिरोधार्य आहे. आमचा वाद आहे तो समाजाच्या निकालाशीं.

येथें अंधश्रद्धा नव्हती असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु अंधश्रद्धेनें फार तर वाट दाखविली. चालावयास लावलें तें लोभानें. पिंपळास देव मानणारे लक्षावधि आहेत. ते त्यास पाणी घालतात, प्रदक्षिणा घालतात आणि आपल्या घरीं जातात. नवसास माणूस स्वतःचें कांहीं देतो. येथें दिल्या त्या दुसऱ्याच्या लेकी! यास भक्ति म्हणावें कीं व्यापार? कोणी दारिद्र्याकडे बोट दाखवील. १९७२ हें वर्ष भीषण दुष्काळाचें होतें खरें; पण त्या दुष्काळांत मराठवाड्यांतील गोरगरीब खडी फोडावयास गेले, मुलींचे गळे कापावयास नव्हे.

आतां विद्येच्या माहेरघरीं, पुण्यास चला. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळांत तेथेंही दहाच माणसें मारलीं गेलीं. मारणारे चित्रकलेच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी होते. तेथें ना पिंपळ, ना मांत्रिक. होता तो पैशाअडक्याचा आणि दागिन्यांचा लोभ. २७ नोव्हेंबर १९८३ रोजीं येरवड्यास चौघे फांशीं गेले. त्यांच्यामुळें पुणें अडाणी ठरलें नाहीं. मग मानवत कां ठरावें? आणि १९९६ सालीं उघडकीस आलेलें कोल्हापूरचें बालहत्याकांड घ्या. तेथें चोरीचा लोभ होताच, पण त्याच्या जोडीला मत्सरही होता: सोडून गेलेल्या नवऱ्याचा दुसरा संसार डोळ्यांत सलत होता, आणि त्या संसारांतील एका मुलीचा त्यापायीं जीव गेला. मत्सरासही देव लागत नाहीं.

नरबळी व जादूटोण्याविरुद्ध २०१३ सालीं महाराष्ट्रानें कायदा केला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून व्हावा लागला, तेव्हां कुठें तो झाला. त्याचें मोल आम्ही जाणतों. तथापि कायदा मांत्रिकास पकडील. मांत्रिकाच्या दारीं जाणाऱ्याची हांव कोण पकडणार? अमक्यास धन सांपडलें अशी आवई उठली कीं "कसें सांपडलें?" असें विचारणारे आपण, "त्याकरितां काय केलें?" असें विचारीत नाहीं. रातोरात श्रीमंत झालेल्यास आपणच सभेंत पहिली खुर्ची देतों आणि शेजाऱ्याच्या नव्या माडीकडे पाहून रात्रभर तळमळतों.

२०२४ सालीं मानवतची कथा पडद्यावर आली आणि घरोघरीं अंगावर कांटा उभा राहिला. कांटा क्षणांत निवतो. त्याऐवजीं प्रत्येकानें एवढेंच पाहावें कीं, दुसऱ्याचें नुकसान होऊन आपला लाभ होणार असेल, तर आपण कोठें थांबतों. जो मुळींच थांबत नाहीं, तो पदवीधर असो वा निरक्षर, त्यास मानवत दूर नाहीं.